शेजारच्या जागेचा शास्त्राधार

माणूस मेला की त्याचे प्रश्न संपतात आणि समितीचे सुरू होतात. आमच्या दफनभूमीत कॅथलिक डावीकडे आणि प्रोटेस्टंट उजवीकडे झोपतात. मध्ये कमरेएवढी भिंत आहे. (ती ओलांडल्याची एकाही मृताविरुद्ध तक्रार नाही.) मतभेद थोर आहे. प्रोटेस्टंट विचारतात, शास्त्रात लिहिलंय कुठे? कॅथलिक म्हणतात, सगळंच लिहिलेलं नसतं. वडीलधाऱ्यांनी तोंडोतोंडी सोपवलेलंही तितकंच खरं. या मुद्द्यावर संयुक्त समितीच्या एकेचाळीस बैठका झाल्या असून त्यांत चहा तेवढा एकमताने संमत झाला.

बेचाळिसाव्या बैठकीला शिवणकामवाल्या मावशी आल्या. वय एक्याऐंशी, स्वतः कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट आणि सहा वर्षांपासून भिंतीच्या उजवीकडे.

"मला त्यांच्या शेजारची जागा हवी," मावशी म्हणाल्या. "जाताना तेच म्हणाले होते, 'तू इथंच ये.'"

तोंडी सोपवलेला शब्द, म्हणजे कॅथलिकांच्या फादरांचा हातखंडा विषय. त्यांनी चष्मा पुसला. "मावशी, तोंडी बोलण्याचा काय भरवसा? लेखी काही आहे का?"

होतं. मावशींनी नवऱ्याचं बायबल पुढे केलं. पहिल्या कोऱ्या पानावर नवऱ्याच्याच अक्षरात, सहीनिशी: 'माझ्या डाव्या हाताची जागा हिची.'

प्रोटेस्टंटांच्या पाळकसाहेबांनी ते तीनदा वाचलं. अक्षर दुर्दैवाने स्वच्छ होतं. "लिहिलंय खरं," ते म्हणाले, "पण अर्थ काय लावायचा? आपल्यात आजवर काय चालत आलंय, ते जुन्या माणसांना विचारावं लागेल."

थोरथोर विद्वानांना जे शतकानुशतकं जमलं नाही, ते मावशींनी अर्ध्या तासात जमवलं: फादर लेखाच्या बाजूला गेले, पाळक परंपरेच्या. ठरावही झाला. विषय नाजूक असल्याने अर्जदार हयात असेपर्यंत निर्णयाची घाई करू नये. त्यानंतर अर्जदाराची हरकत असल्यास ती ऐकून घ्यावी.

"मग मला निदान भिंतीला लागून तरी ठेवा," मावशी म्हणाल्या. त्यासाठी वेगळा अर्ज लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं.

तुम्ही हसलात, छान केलंत. आता आठवून बघा. 'पुढची खोली धाकटीची' असं आई जाताना म्हणाली, तेव्हा "लेखी आहे का?" असं विचारायला तुमच्या घरी कुणी फादर आले नव्हते. मग बाबांच्या चिठ्ठीत तेच निघालं, तेव्हा "त्यांना तसं म्हणायचं नव्हतं" हे सांगायला पाळकही आले नव्हते. दोन्ही कामं घरातल्या घरात झाली. धाकटी हल्ली आपल्याकडे का येत नाही, असं तुम्ही परवाच कुणाला तरी विचारत होतात.