राक्षसाचा मामा कोण?

आमचे हिंमतनाना राक्षसाशी लढायच्या आधी त्याला मामाचं गाव विचारतात.

घाबरू नका, राक्षस खेळातला आहे. आमच्या शाळेतले आम्ही चार मास्तर-मास्तरणी दर रविवारी दुपारी नंदुरबारात नानांच्या खोलीवर जमतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि पात्राचं जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं, असा तो खेळ. गोष्ट मी सांगते. तोरणमाळकडचे पावरा सर कुऱ्हाडवाले योद्धे असतात. आणि नाना बार्ड.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर त्यांनी एकच नाद केला, लोकांच्या सोयरिकी जुळवायच्या. कोण कुणाचा साडू आणि कुणाची आत्या कुठे दिली, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. खेळायला बसवलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "बार्ड म्हंजे काय वं माय?"

"गाणारा, बोलून काम काढणारा. भाट समजा," मी म्हणाले.

इथेच चुकलं. नानांच्या डोक्यात भाट म्हणजे दारात पोथी उघडून बसणारा आणि सात पिढ्यांची नावं वाचणारा माणूस. "भाट? मंग पयले कूळ इचारनं पडी!" म्हणाले.

पुलाखाली पहिला दरोडेखोर भेटला. पावरा सरांनी कुऱ्हाड उगारली. नाना मध्ये पडले. "थांबा ना सर. कोना शे रे तू? गाव कोनतं तुन्हं? मामा कोन?"

दरोडेखोराला मामा असतो हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी गडबडून म्हणाले, "दोंडाईचा."

"दोंडाईचाना? मंग तू तं पाव्हना शे! बठ आठे, पानी पे."

सर कुऱ्हाड घेऊन तसेच उभे, आणि दरोडेखोर पाणी पितोय. तेव्हापासून शनिवारी रात्री वह्या तपासून झाल्या की मी प्रत्येक राक्षसाला एक मामा आणि दोन आत्या देऊन ठेवते.

पण नाना बार्ड म्हणून खरोखर पक्के आहेत, गंमत सोडा. या खेळात बार्डाने स्वतः शूर व्हायचं नसतं, दुसऱ्याला शूर करायचं असतं. नवखे लोक ते विसरतात आणि आपणच तलवार घेऊन धावतात. नाना कधीच विसरत नाहीत. सरांची पाळी आली की नाना कानावर हात ठेवून आरोळी देतात, "सातपुडाना वाघ उठना, आते कोन उभं ऱ्हास!" शाळेच्या मीटिंगमध्ये खालमानेने बसणारे आमचे सर तेव्हा ताठ होतात आणि असा फासा टाकतात की तो खाटेखाली जातो.

हीच जीभ नानांना घराबाहेर घेऊन आली.

काही वर्षांपूर्वी रनाळ्याला आमच्या घरी माझा साखरपुडा होता. स्थळ पप्पांनी आणलेलं. माणसं जमलेली. मुलाची आई बसल्या बसल्या म्हणाली, लग्नानंतर पोरीला नोकरी सोडावी लागेल. पप्पांनी मान डोलावली. मी दारात उभी होते. तेवढ्यात नाना ओरडले, "थांबा! ह्या पोरना आजानी चुलत बहीन गंगूबाई आमना घरमा देल व्हती. ह्या दोन्ही तं बहीनभाऊ लागतस!"

मांडवात गोंधळ उडाला. कोपऱ्यातले एक आजोबा लगेच म्हणाले, "हा हा, गंगूबाई! मी तिना लगीनमा बुंदी खायेल शे!" आणखी दोघांना तिचं लुगडंसुद्धा आठवलं. पाहुणे हात जोडून उठले.

मला खरं तर हलकं वाटलं. पप्पांना नाही. चार लोकांत शोभा झाली म्हणून ते नानांना म्हणाले, "तुन्ही जीभमुळे मन्ही पोरनं वाटोळं व्हयनं. मन्हा दारमा पाय ठेवू नको." नाना त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन नंदुरबारला आले. सख्खे दोन भाऊ, तेव्हापासून बोलणं बंद. मी इकडे येते हे पप्पांना माहीत आहे, पण नानांचं नाव निघालं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि नाना दर रविवारी मला पहिलं विचारतात, "भाऊनं गुडघं कसं शे?"

परवाच्या रविवारी माझ्या गोष्टीत एका राक्षसाने राजकन्या पळवली होती, त्याला ती सून करून घ्यायची होती. सरांनी कुऱ्हाड उचलली. नाना पुढे झाले. "थांब रे दाजी. हाई लगीन व्हनार नही. तुन्हा आजानी चुलत बहीन गंगूबाई ह्या राजकन्याना घरमा देल व्हती. ह्या बहीनभाऊ लागतस!"

आमच्या खेळात समजूत घालायला एक फेक असते आणि फसवायला वेगळी. म्हणून मला विचारावंच लागलं, "नाना, हे खरं की थाप?"

"थाप शे बेटा. टाक फासा."

फासा माझ्या हातातच राहिला. "नाना, मंग गंगूबाई कोन व्हती?"

नाना खाटेच्या दोऱ्या चाचपू लागले. "कोनीच नही," म्हणाले. "त्या बाईनी नोकरी सोडाले सांगं, तवय तू दारमा उभी व्हती. मी तुन्हं तोंड देखं. खरं बोलतू तं भांडन व्हतं, तुन्हा बापनी मान खाले जाती. नातं निंघनं तं कोनाबी दोष नही."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पप्पांना लावायला मी फोन उचलला तसे नाना घाबरले. "त्याले सांगू नको. तुन्हावर खवळी तो."

मी सांगितलं. सगळं. दारात उभी असताना मला काय वाटत होतं, तेही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मग पप्पा घसा खाकरून म्हणाले, "भरीत करी ऱ्हायनात आज. कळनानी भाकर शे. त्याले इचार, येस का."

मी नानांना विचारलं. ते उठले, धुतलेला सदरा घातला, टोपी दोनदा काढून पुन्हा घातली. पावरा सरांनी माझी स्कूटी वळवून दारात आणली. मागे बसताना नानांनी माझा खांदा घट्ट धरला.

"बेटा, तठे जाईसन मी काय बोलू?"

"काहीच नका बोला नाना," मी म्हणाले. "जेवी ल्या."