दत्तूआबांचा मिटलेला विषय

आमच्या शेजारचे दत्तूआबा सध्या रोज सकाळी अंगणातल्या बंद जीपमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर बसून चहा घेतात. मधूनच गिअर बदलतात. आमच्या कुरवंडे गावात आता त्याचं कुणाला काही वाटत नाही.

एरवी ही जीप पर्यटकांना पॉइंट दाखवत फिरायची. पण गावातली नवरी सासरी जाणार ती आबांच्याच जीपमधून, हा इथला रिवाज. भाडं विचारलं की आबा रुसतात. त्या दिवशी ते दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. बाकीच्या दिवसांची हमी मी देणार नाही.

अशाच एका बाकीच्या दिवशी तुंगार्लीजवळ पोलिसांनी त्यांना यंत्रात फुंकायला लावलं. वडगावच्या कोर्टात आबांनी "व्हय सायेब, पेलतो" असं खणखणीत सांगितलं, दंड भरला आणि येताना पेढे आणले. "इषय मिटला म्हंजी मिटला!" बांधाच्या भांडणापासून दाढदुखीपर्यंत त्यांचे सगळे विषय असेच मिटतात.

मग आरटीओची नोटीस आली. लायसन निलंबित का करू नये, ते येऊन सांगा.

"आबा, कोर्टानं गुन्ह्याची शिक्षा दिली. लायसनचं आरटीओ वेगळं बघतं. जाऊन या," मी समजावलं.

"एकाच बाटलीच्या दोन केशी? एका नवऱ्याची दोनदा वरात काडत्यात व्हय?"

आबा गेले नाहीत. लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. आणि त्यातच लेकीचं, सुमनचं लग्न परंदवडीच्या मुलाशी ठरलं. आमच्याकडे पाठवणीला बाप सोबत जात नाही, ड्रायव्हर जातो. आबांचा इतक्या वर्षांचा बेत तोच होता, लेकीसोबत ड्रायव्हर म्हणून जायचं. मग मात्र ते आरटीओत धावले. "येकच दिस द्या सायेब, परंदवडीपत्तुर." साहेबांनी नियम दाखवला.

शेवटी जीप मी चालवली. रिवाज मोडून आबा मागं सुमनशेजारी बसले. वडगावपर्यंत ते मला ब्रेक कुठं दाबायचा ते शिकवत होते. वडगाव मागं पडलं. आरशात पाहिलं, तर नवरी शालूच्या पदरानं बापाचे डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं, आणि मी उगाचच हॉर्न वाजवला.

परतताना ते पुढं येऊन बसले.

"गावच्या समद्या पोरी माज्या पाठीमागं रडल्या," ते म्हणाले. "मी आपला रस्ता बगायचो, म्हून निभायचं. आज रस्ता तू बगत व्हतास रं."