कमळतळ्याची मरळ आणि दारोग्यांचा अंगठा

श्रीजळदेवता प्रसन्न असो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत राज्यात जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहितो. ऐकणारांनी चित्त स्थिर करावे, आणि ज्यांस मासळी वर्ज्य त्यांनी नाक धरून ऐकावे.

तोफखान्याचे दारोगे सटवोजी बावा चाळीस वर्षे तोफांपाशी राहून उजव्या कानाने बहिरे जाहले, म्हणोन त्यांस कामातून मोकळे केले. घरी बसणे बावांस मानवेना. उंबऱ्याशी बसून जात्या-येत्यास जुन्या लढाया सांगावयाच्या आणि मनात म्हणावयाचे, आता आपण कोणाच्या कामाचे? तो कमळतळ्याची राखण रिकामी जाहली. श्रीमंत महाराज बोलिले, "तळ्यात थोर मरळ मासळी आहे, बदकांची पिले गिळिते. जाळे टाकावे तर कमळांत अडकते. गळाने तिला काढाल तर राखण तुमची. पौर्णिमेपर्यंत मुदत." आणि समुद्रापारच्या व्यापाऱ्यांनी नजर केलेल्या दोन काठ्या बावांचे हवाली केल्या. एक हलकी, तिचे चाक काठीखाली लोंबणारे. दुसरी जाड, तिचे चाक काठीच्या पाठीवर बसलेले.

मग बावांनी आधी हलकी घेतली. दोरा तर्जनीवर धरावा, चाकावरली तारेची कडी उघडावी, काठी खांद्यामागून पुढे आणावी आणि टोक पाण्याकडे वळताच बोट सोडावे, इतकीच विद्या. ती दोन दिवसांत साधली, आणि दोऱ्याच्या टोकास आमिष म्हणोन बांधिलेला, पोटाशी गळ असलेला लाकडी बेडूक कमळपानावर टुणकन बसू लागला. तिसरे दिवशी मरळ आली, बेडूक तोंडात धरिला, देठांच्या दाटीत शिरली आणि बारीक दोरा काडकन तोडून गेली. मग बावांनी दुसरा बेडूक बांधून जाड काठी उचलली. तिचा दोरा बळकट, पण फेकीसरशी चाक आपण होऊन गरगरा फिरते. बावांनी गडाचा दरवाजा फोडावयाचा ऐशा आवेशाने फेक केली; बेडूक पाण्यावर पडला, चाक मात्र थांबेना, आणि दोऱ्याचा ऐसा गुंताडा जाहला की सोडविता सोडविता सांज जाहली. पुढे रोज तेच. बळ वाढवावे तो गुंता वाढे. तटावरचे शिलेदार म्हणो लागले, "बावा मासे धरीत नाहीत, जाळे विणतात!" बावा वरवर हसले, परंतु घरी येऊन भाकरीस हात लाविला नाही.

पौर्णिमेस प्रहर दिवस उरला असता त्यांचे कुटुंब गोदूबाई तळ्यावर आल्या आणि दोन फेकी उभ्यानेच पाहिल्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, "आवं, दोरा सुटतो तवा अंगठा कुठं असतो तुमचा?"

"अंगठा कशाला? चाक फिरतंय की आपसूक!"

"तिथंच तर घोडं पेंड खातंय. पोहरा इहिरीत सोडताना म्या रहाटावर तळवा ठेवते. पोहरा पाण्याला टेकायच्या आत रहाट दाबायचा, न्हाई तर दोर सैल पडून गुरफटतोय. चाळीस वर्सं त्याच इहिरीचं पाणी पिताय, कंदी बघितलंत का?"

बावा ओशाळले. मग अंगठा चाकावर हलका ठेविला, बळ निम्मे केले, आणि बेडूक पाण्यास टेकतो न टेकतो तो चाक दाबिले. गुंता नाही! इतक्यात महाराजांची स्वारी तळ्यावर आली, आणि त्याच समयी पाणी फुटून मरळेने बेडूक धरिला. बावा हिसका देणार, तो गोदूबाई ओरडल्या, "गिळू द्या आधी!" पण त्या उजवे बाजूस उभ्या, बावांस काय ऐकू येणार? मग भर दरबारी मंडळींसमक्ष त्यांनी बावांचे मनगट धरिले, तीन श्वास धरून ठेविले आणि सोडिले. बावांनी काठी उचलली, आणि मरळ देठांसकट काठावर आली.

महाराज संतोषले. म्हणाले, "शाबास! ही विद्या कोणाची?" बावांनी "माझी" म्हटले असते तरी गोदूबाईंनी हूं की चूं केले नसते. परंतु बावा बोलिले, "महाराज, विद्या हिची. राखणही हिलाच द्यावी. माझं मन भरलं." आणि त्यांचे डोळे पाणावले. महाराजांनी तात्काळ सनद गोदूबाईंचे नावे करविली आणि बावांस त्यांचे हाताखाली नेमिले. तेव्हा बावा मुजरा करून म्हणाले, "चाकरी जुनीच आहे, महाराज. हुकूम आज निघाला."

येणेप्रमाणे मरळ सापडली, बदके वाचली, आणि बावांस उंबरा सुटला. कालवणाची एक तुकडी लिहिणारासही पोहोचली; तिखट अंमळ अधिक होते, तक्रार नाही.