वाडेकरकाकांचं गाणं पहिलं येतं

वाडेकरकाकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे इथल्या आयरिश भाषेत प्रेसमध्ये, तूरडाळीच्या डब्यामागे चार जुने मोबाइल दिवसभर एकच गाणं म्हणत असत. कपाट उघडलं की आधी हिंगाचा वास यायचा आणि मागून तीन बायकांचं बारीक 'ऊ ऊ'.

"बंद करू नकोस!" काका ओरडायचे. "मोजलं जातंय!"

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनमध्ये आमची घरं शेजारी शेजारी. काका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघायचे, आता निवृत्त. जन्मभर नाट्यसंगीताखेरीज काही न ऐकलेला हा माणूस कुठल्या तरी जुन्या काळच्या तीन अमेरिकन कृष्णवर्णीय मुलींच्या गाण्यामागे लागला होता. एका बिस्किटाच्या जाहिरातीमुळे ते पुन्हा वाजू लागलं आणि इथल्या चार्टवर, म्हणजे सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या यादीत, तळाशी उगवलं. तेव्हापासून दर शुक्रवारी नवे नंबर लागले की काका कुंपणावरून दहावीचा निकाल सांगावा तसे सांगत, "एकोणीस! ग्रँड चाललंय!"

गणपतीत तर त्यांनी मलिंगारहून आलेल्या डॉक्टरीणबाईंचा फोन प्रसादाच्या रांगेत मागून घेतला आणि गाणं लावून परत दिला. "पूर्ण ऐका हं. मध्येच तोडलं तर धरत नाहीत." लोक हसले. मीही हसलो.

एका रविवारी मी विचारलंच, "काका, हे पहिलं आलं तर तुम्हाला काय मिळणार?"

ते चहा गाळत होते. पातेल्यातला चहा संपला तरी गाळणं तसंच धरून राहिले.

"माझी लेक केतकी शाळेत हे गायची. मधे ती, दोन बाजूंना मैत्रिणी. काकूने आपली जरीची साडी फाडून तिघींना झगे शिवले होते." मग म्हणाले, "तिच्या लग्नाला मी गेलो नाही. इथला मुलगा नको म्हणून अडून बसलो. काकू एकटी गेली. आता काकूही नाही, आणि केतकी माझा फोन कट करते. पण गाणं वर चढलं की दुकानात लागतं, पेट्रोल पंपावर लागतं. ते कसं कट करेल?"

त्या दिवशी माझा जुना फोनही त्या कपाटात गेला.

तीन आठवड्यांनी गाणं खरंच पहिलं आलं. काकांनी शिरा केला, फोन चार्ज करून टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. शनिवार गेला, रविवार गेला. पुढच्या शुक्रवारी गाणं चौथ्यावर घसरलं, मग अकराव्यावर. काका कुंपणाशी यायचे बंद झाले.

मग एका बुधवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. दाढी वाढलेली, पायात घरातल्याच सपाता. त्यांनी फोन पुढे केला. केतकीचा मेसेज होता : 'हर्ड इट इन द शॉप. हॅड टू लीव्ह.' बस, एवढंच.

"दुकानातून निघून जावं लागलं म्हणते," काका म्हणाले. "म्हणजे राग आला, की रडू?"

मी दोनदा वाचलं. एवढ्याशा ओळीवरून काय कळणार?

"रडू," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, काका."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे पुन्हा मीच रडवलं तिला," ते म्हणाले, आणि माझ्या दाराच्या पायरीवर बसले.