फिरत्या घरातली खुडखुड

पहिल्याच वळणावर नव्या फिरत्या घरात कुठेतरी खुडखुड झाली आणि दादांचे कान टवकारले. जन्मभर बस चालवलेला माणूस. मागे प्रवासी हमरीतुमरीवर आले तरी त्यांना ऐकू यायचं नाही. पण एखादा नट कुरकुरला, की घास उतरायचा नाही.

"राहू द्या हो, तळं आलंच," वहिनी म्हणाल्या. साऱ्या जगाला फिरवणाऱ्या या नवऱ्याने बायकोला कधी कुठे नेलं नव्हतं. निवृत्त झालो की तळ्याकाठी सकाळचा चहा, असा त्याचा शब्द होता. त्यासाठीच तर हे पलंग-ओटा-कपाटवालं वाहन घेतलेलं.

"चाकांवर कधी संसार होतो का, दादा?" मागून नणंदबाई म्हणाल्या. त्या आल्याच होत्या मुळी हे म्हणायला.

तळ्याकाठी गाडी थांबली आणि आवाजही थांबला. आता शोधायचा कसा?

"तू जरा आत उड्या मार," दादांनी बहिणीला सांगितलं.

"या वयात?"

"वन्सं, हळूच मारा," वहिनी म्हणाल्या.

नणंदबाईंनी उडी मारली. खुडखुड! दादांनी कपाटाची मूठ ओढली. मूठ हातात आली. दार ओढलं, दारही आलं. टेबल सरकवलं, तर पाय जागेवरच राहिले. एव्हाना तिघांनाही चेव चढला होता.

"पलंगाखाली! पलंगाखाली आहे मेलं!" नणंदबाई उडता उडता ओरडल्या.

पलंग डब्याच्या झाकणासारखा अलगद उचलला गेला. खाली एक सीलबंद पिशवी. गच्च भरलेली. स्क्रूंनी.

दादांनी गाडी घेतलेल्या दुकानात फोन लावून पिशवीचं सांगितलं.

"सापडली का? अरे वा! आम्ही केव्हाची शोधतोय!"

"अहो, मग हे घर उभं कशावर आहे?"

"रंगाचे दोन हात दिलेत की, काका!"

दादांचा चेहरा पडला. "परत देऊन टाकतो. चुकलंच माझं."

वहिनींनी तळ्याकडे पाहिलं. मग शेगडी उचलून गवतावर ठेवली. "हिला कुठे स्क्रू लागतात? तुम्ही पाय बसवा टेबलाचे, मी आधण ठेवते."

टेबल उभं राहिलं. चहा उकळला. वहिनींनी पाण्याकडे तोंड करून पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. दादा कपाटाचं दार मांडीवर घेऊन त्यांच्याकडेच बघत होते.

इतक्यात तसंच एक नवंकोरं फिरतं घर शेजारी येऊन थांबलं. उतरलेल्या गृहस्थांनी मांडामांड पाहून विचारलं, "दोन चहा मिळतील?"

"साखर किती?" नणंदबाई चटकन म्हणाल्या. "आणि घर कसं आहे तुमचं?"

"झकास! फक्त चालताना कुठेतरी खुडखुडतं. कुठे, तेच कळत नाही बघा."

दादांनी स्क्रूड्रायव्हर पुसला. वहिनींनी डोळे न उघडताच हसू दाबलं.

नणंदबाईंनी हातातला कप खाली ठेवला, चपला काढल्या आणि त्या पायरी चढू लागल्या.

"सरका बाजूला. उड्या मला मारू द्या."