भागूआत्याचं नाक

बारामतीच्या आमच्या बोळात शिरणाऱ्या माणसाला भागूआत्या आधी हुंगायची आणि मग ओळखायची. दारात भाजीची पाटी मांडून बसलेली असायची. काही विचारलं की "थांबा, नाकाला इचारते," म्हणून डोळे मिटायची. मी कोर्टातून परतलो की मान न वळवता म्हणायची, "वकीलसाहेब, कोरट आज लवकर उठलं जनू. अंगाला कांदाभज्याचा वास हाय." आणि हे अशा आवाजात, की माडीवर माझ्या बायकोला स्वच्छ ऐकू जावं. साठी उलटलेल्या विधवा बाईशी भांडणार तरी काय, मी मुकाट्यानं जिना चढायचो.

गवळी तर तिच्यापुढे चळचळा कापायचा. दुधात पाणी आहे एवढं कोणीही सांगेल. आत्या सांगायची, "ह्यात कॅनॉलचं पानी हाय, हिरीचं न्हाय." आणि तो बिचारा कबूलही व्हायचा.

याच नाकानं तिचा घात केला होता. तिचं माहेर इंदापूरचं. सात वर्षांपूर्वी भावाच्या मुलीच्या लग्नात पंगत बसली असताना हिनं लाडू नाकाशी नेला आणि भर मांडवात भावाला म्हणाली, "तात्या, हे तूप न्हाय, वनस्पती हाय." व्याही पानावरून उठले. हातापाया पडून त्यांना पुन्हा बसवलं, पण भाऊ तुटला तो तुटलाच. दर नागपंचमीला लेकीबाळींना माहेरी न्यायला घरोघर मुराळी येतो. आत्याच्या दाराकडे त्यानंतर कोणी फिरकलं नाही.

मी एकदा म्हणालो, "इंदापूर काय लांब आहे आत्या? एसटीत बसा आणि जा."

"बोलावल्याबिगर म्हायेरला जायाला मी काय उकिरड्यावरनं आलेय?" ती असली भडकली की पुन्हा मी विषय काढला नाही. पंचमीच्या दिवशी मात्र पाटी न मांडता बोळाच्या तोंडाशी दुपारपर्यंत उभी असायची. कोणी विचारलं तर म्हणायची, गिऱ्हाईक बघतेय. पाटी घरात आणि गिऱ्हाईक रस्त्यावर.

आता माझ्या मोटारीचं सांगतो. खडकीचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना मिळेल त्या भावाला विकून गेला आणि ती मी घेतली. बायको नको नको म्हणत होती. गाडी दिसायला झकास, पण दहाएक मैल पळाली की आत वास सुटायचा. तापलेल्या गंजक्या पाण्याचा, आणि त्यात बिघडलेल्या काकवीसारखं काहीतरी गोडसर. समोरची काच आतून धुरकट व्हायची. रेडिएटरमधलं पाणी उतरायचं, पण खाली थेंब म्हणून नाही. मी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली, तीही कोरडी ठणठणीत. मिस्त्रीनं सगळ्या नळ्या बदलल्या, पंप खोलला, शेवटी बारीक भोकं बुजतात म्हणून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. त्यानं एवढंच झालं, की गंजक्या पाण्याला फोडणीचा वास यायला लागला. बायकोनं गाडीत बसायचं सोडलं. अशिलं नाकाला उपरणं लावून बसायची.

अखेर मी आत्याला शरण गेलो. उभ्या गाडीला तिनं एक फेरी घातली आणि म्हणाली, "थंड हाय. नाक आता काय सांगनार? चांगली तापवा. लांब न्या."

"किती लांब?"

आत्यानं आभाळाकडे बघितलं. "इंदापूरपतूर."

आषाढ चालू होता आणि दोनच दिवसांनी मला तिथल्या कोर्टात तारीख होतीच. ठरलेल्या दिवशी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मागे बसवायला गेलो तर म्हणाली, वास पुढं हाय, आणि माझ्या शेजारी बसली. निघालो. दर दोन मैलांनी मी विचारायचो, काही कळलं का? ती डोळे मिटून म्हणायची, "येतोय. पर कुठनं त्ये न्हाय घावत. चालू द्या." निमगाव गेलं तरी चालू द्या. वास तर इतका दाटला होता, की मला तिच्या नाकाची शंका यायला लागली.

इंदापूरच्या अलीकडे रस्त्याकाठी लिंबाखाली एक घर दिसलं. आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "पानी सरलंय. हितंच थांबवा. आमच्या भावाचं घर हाय."

"मग उतरा की."

"मी वासाच्या कामावर आलेय, म्हायेरला न्हाय. तुमी पानी मागा." आणि तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

मी हाक मारली. तात्या भिंतीला हात लावत बाहेर आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. कळशी चाचपडत आणली, मी पाणी ओतलं, बारामतीहून आलो म्हणालो आणि वासाचं गाऱ्हाणं सांगितलं. तात्या हसले.

"बारामतीचं न्हवं तुमी? मग हितं कशाला हिंडतासा? तितं आमची थोरली अक्का हाय, भागू. तिच्या नाकाम्होरं उभी करा गाडी. लगीच सांगंल." मग जरा थांबून म्हणाले, "घावली तर तिला म्हनावं, त्ये वनस्पतीच हुतं. दुकानदारानं मागनं कबूल केलं. पर कुठल्या तोंडानं मुराळी धाडू? आता तर धाडाया बी कोन न्हाय. पोरगं कारखान्यावर, आन मला दिसत न्हाय. पंचमीला ये म्हनावं."

त्यांना गाडीत कोणी बाई आहे एवढं अंधुक दिसलं असावं. "आईसाब हायती व्हय? उनाचं बसू नगा म्हनावं. सावलीला या."

मी आत पाहिलं. पदराआड काही हललं नाही. मांडीवरचे दोन्ही हात मात्र एकमेकांत घट्ट अडकले होते. तात्यांचे आभार मानले आणि गाडी सुरू केली. कोर्टात मी काय बोललो ते देव जाणे. आत्या तोवर बाहेर गाडीतच बसून होती.

परतताना बारामती जवळ आली तेव्हा तिनं पायाशेजारच्या लोखंडी डब्याला अंगठा लावला. "हितनं येतोय."

तो डबा म्हणजे साहेबाचा रेडिओ, अशी माझी समजूत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून मी सांगायचो, यंत्र उत्तम आहे, पण इकडे स्टेशन लागत नाही. मिस्त्रीही विजेचं काम म्हणून त्याला हात लावत नव्हता. नंतर तो उघडला, तर आत पिटुकला रेडिएटर निघाला. थंडीच्या मुलखात साहेबाचे पाय शेकावे म्हणून इंजिनाचं तापलेलं पाणी त्यातून फिरत होतं, आणि तोच पाझरत होता. बारामतीच्या उन्हाळ्यात मी हौसेनं पाय शेकत हिंडलो होतो.

पण हे नंतरचं. त्या वेळी गाडीतच मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"जातानाच. गाडी तापली तवाच पायाला ऊन लागलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मग तुमी नेलं असतं व्हय?"

मी म्हणालो, "आत्या, तात्या काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"मी कशाला ऐकू? त्ये तुमाला सांगितलं. निरोप दारात येऊन सांगत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट चढवून चार पावलांवरच्या तिच्या दारात गेलो. उंबरा सारवलेला होता. बसायला घोंगडी, पुढे गूळपाणी. रोज माझ्या अंगाचे वास मोजणारी बाई मला परक्यासारखं विचारत होती, "कुठनं आलासा?"

"इंदापूरहून. तुमच्या भावाकडून."

"काय म्हनाला?"

मी सगळं सांगितलं. दुकानदाराचं, मुलाचं, डोळ्यांचं, पंचमीचं. आत्या खाली मान घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगायला लागलो. वनस्पतीपाशी आलो तर तिनं हात वर केला. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"त्ये ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ये म्हनाला, तेवढंच सांगा."