दरडोई काका

एका सकाळी मी अंगणात दात घासत उभा होतो. शेजारचे गुंडेराव काका कुंपणापाशी आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गुरुजी, अभिनंदन. कालपास्नं तुमचं उत्पन्न वाढलंय."

मी गावच्या शाळेत मास्तर. पगार वाढल्याचं मला तरी कोणी कळवलं नव्हतं. तोंडातला फेस आवरत मी विचारलं, "ते कसं काय?"

"बापूराव गुत्तेदारानं काल नवी चारचाकी घेतली. गावाची बेरीज वाढली. तिला गावच्या डोक्यांनी भागलं की दरडोई वाढतं. तुमचंबी वाढलं, माझंबी वाढलं, सोजरबाईचंबी वाढलं. तिला आत्ताच सांगून आलो."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणली, वाढलं असंल तर वाटंत दुकानातनं पावशेर शेंगदाणे आणून द्या."

माकणीच्या धरणाच्या अलीकडं आमचं लहानसं गाव आहे. गावात त्यांना गुंडेराव म्हणणारी चार-दोन म्हातारी माणसं उरली असतील, बाकी सगळे दरडोई काका म्हणतात. काकांनी तीसेक वर्षं सरकारी पाहणीचं काम केलं. दारोदार फिरायचं, घरात काय शिजतं, छत कशाचं आहे, पाणी कुठून आणता, हे विचारायचं आणि कागदावर मांडायचं. लोहाऱ्यापासून परंड्यापर्यंत त्यांनी न पाहिलेला उंबरा सापडणं कठीण. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण त्यांचे प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत.

माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. पोह्यांच्या बशा फिरल्या, हवापाण्याचं बोलणं झालं, आणि काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "मागच्या सात दिवसांत घरात तूरडाळ किती लागली?" पाहुणे बिचकले. तरी त्यांनी काहीतरी आकडा सांगितला. काकांनी तोच प्रश्न मुलाच्या आईला विचारला. पाहुणे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाप्याचा आकडा बाईच्या दुप्पट हाय. घरात किती शिजतं ते बाप्याला ठाव न्हाय, आन् बाई बोलाया लागली की तो खाकरतो. पोरगी देऊ नका." आम्ही दिली नाही. पुढं त्या घरच्या ज्या गोष्टी कानावर आल्या, त्यावरून काकांच्या डाळीनं आमच्यावर उपकारच केले म्हणायचे.

खोटा आकडा त्यांना आयुष्यात खपला नाही. "आकड्याला आईबाप नसतेत गुरुजी," ते म्हणायचे, "पण अब्रू असती." साहेबांनी सांगितलं म्हणून दोन घरं न बघता भरायची वेळ आली, तेव्हा काका त्या दोन घरांसाठी भर उन्हात तेरखेड्याच्या पुढं सहा किलोमीटर चालत गेले होते. एका घराला कुलूप होतं. काकांनी रकान्यात 'कुलूप' लिहिलं आणि तसेच परत आले.

कुलपावरून आठवलं, आमच्याही गावातली निम्मी घरं आता कुलपात आहेत. काकांचा एक विकासाचा सिद्धांत आहे आणि तो ऐकल्यावाचून पारावरून कोणाची सुटका नाही. "गाव पुढं न्यायचं सोपं काम हाय. माणसं कमी करा. जमीन तेवढीच, पीक तेवढंच, खाणारी डोकी कमी. दरडोई वाढलंच की. निम्मं गाव पुण्याला गेलं, आपण दुप्पट श्रीमंत झालो. एक दिवस म्या एकटाच राहीन इथं. तवा बघा, जिल्ह्यात आपलाच पहिला नंबर."

सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगाही पुण्यालाच असतो, आणि सुमनकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरी ते एकटेच असतात.

काकूंना साखरेचा आजार होता. आमच्या गावाला नर्सबाई येते ती फक्त बुधवारी. उरलेले सहा दिवस आजारी पडायचं नाही, असा गावचा अलिखित नियम आहे. काकू पडल्या रविवारी. गाडी मिळून उमरग्याला पोचेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून काकांनी नर्ससाठी किती अर्ज केले त्याला गणती नाही. कायम मुक्कामाची नर्स फक्त मागास गावांच्या यादीतल्या गावाला मिळते, असं प्रत्येक अर्जाला उत्तर आलं.

आणि यंदा मे महिन्यात ती यादी नव्यानं करायला पाहणी येणार असल्याचं कळलं. घरात मोटारसायकल आहे का, फ्रीज आहे का, असले प्रश्न. वस्तू जास्त निघाल्या की गाव यादीतून बाद.

सरपंचांनी पारावर सभा घेतली. आजवर गाव किती पुढं गेलं ते सांगण्यात त्यांची हयात गेली होती, आता एका आठवड्यात त्यांना ते मागं न्यायचं होतं. ठरलं असं की मोटारसायकली उसात घालायच्या आणि फ्रीज शाळेत. शाळेला सुटी होती आणि किल्ली माझ्याकडं होती. सगळ्यांना धास्ती एकट्या काकांची.

"काका, तुमी फकस्त गप बसा," सरपंच हात जोडून म्हणाले.

"जमणार न्हाय. विचारलं की सांगणार."

"आवो, मग नर्स पायजे का न्हाय तुमाला?"

काका उठून घरी गेले. 

आदल्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खेपा झाल्या. माझा फ्रीजही त्यात होता, उगाच साळसूदपणा कशाला करू. सगळं लपवून झाल्यावर लक्षात आलं की आता हा ट्रॅक्टर कुठं लपवायचा. शेवटी तो सरपंचांच्या मेहुण्याकडं तुळजापूरला देवदर्शनाला गेला.

पाहणीला आलेली मुलगी लातूरची, चोविशीतली, हातात टॅब घेतलेली. गावानं जीव ओतून गरिबी केली होती. सरपंचांचा सदरा तर इतका फाटका होता की तो अंगात राहिला कसा याचंच मला नवल वाटलं. मुलगी एकेक घर करत होती, काका तिच्या मागं मुकाट चालत होते, आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं.

मग तिनं मला विचारलं, "सर, टॅब उतरत आलाय. चार्जिंग कुठं करता येईल?"

गावात कोणी पाहुणा यंत्र घेऊन आला की त्याला शाळेत न्यायचं, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. लाईट टिकते ती तिथंच. मी कुठलाही विचार न करता म्हणालो, "चला की शाळेत." मागं सरपंच खाकरले, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माझ्याच हातानं मी कुलूप काढलं आणि दार ढकललं.

चौथीच्या वर्गात, फळ्याकडं तोंड करून, बावीस फ्रीज ओळीनं उभे होते.

"हे काय आहे?" मुलीनं विचारलं.

"शाळेला देणगी आलीय," सरपंच म्हणाले.

मुलीनं काकांकडं पाहिलं. "काका, तुम्ही सांगा."

काका पुढं झाले. "गावचेच हायती. लिही सगळे. पण लिहायच्या आधी उघडून बघ." आणि त्यांनीच एकेक दार उघडायला सुरुवात केली. सोजरबाईच्या फ्रीजमध्ये घडी केलेली लुगडी होती, कारण थंड पाण्यानं तिचा घसा धरतो. दुसऱ्यात भुईमुगाचं बियाणं होतं, तिसऱ्यात पाण्याच्या दोन बाटल्या, चौथ्यात काहीच नव्हतं. "ह्यो हिच्या लेकानं पुण्यास्नं धाडला. ह्योबी पुण्याचाच. पोरगं गेलं, बदल्यात फ्रीज आला. आता तूच सांग पोरी, गाव पुढं गेलं का मागं?"

"काका, फ्रीजमध्ये काय ठेवलंय असा प्रश्नच नाही यात," ती हळूच म्हणाली. "नुसतं होय किंवा नाही."

"ठाव हाय. आमच्याबी कागदात नसायचा."

टॅब आता बंदच पडायला आला होता. खोलीत चालणारा प्लग एकच, खिडकीखालचा. त्यात कोपऱ्यातल्या एका लहान फ्रीजची पिन होती. बावीसात तेवढा एकच चालू होता, बारीक घुरघुरत. मुलगी पिन काढायला वाकली.

"ती काढू नको," काका म्हणाले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "ह्यो माझा हाय."

सरपंच बघतच राहिले. "काका, तुमीबी?"

"म्याबी. पहाटं एकट्यानंच ढकलत ढकलत आणून ठिवला, गुरुजींच्या बायकोकडनं किल्ली घेऊन. उभ्या जन्मात एवढी एक लबाडी केली, ती नर्सपायी."

त्यांनी दार उघडलं. आत दूध नाही, भाजी नाही, पाणीसुद्धा नाही. मधल्या कप्प्यात स्टीलच्या वाटीत इन्सुलिनच्या तीन बाटल्या होत्या.

"तारीख उलटलीय. वाचता येतंय मला," आम्ही विचारायच्या आधीच ते म्हणाले. "ती होती तवा लाईट गेली की ह्या बाटल्या वल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी बसायचो. औषध गरम झालं तर तिचं कसं व्हायचं, ह्येच डोक्यात. आता फेकाया हात उचलत न्हाय."

काकू गेल्यापासून दोन वर्षं मी या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. त्यांच्या दरडोईला हसलो होतो, आणि एकदाही आत डोकावलो नव्हतो. मला माझी लाज वाटली.

मुलीनं टॅब पिशवीत टाकला आणि वही काढली. "काका, तुमच्या घरी फ्रीज. होय लिहू?"

"होयच लिही."

मग तिथंच बाकावर बसून काकांनी सगळ्या घरांचं सांगितलं, उसातल्या मोटारसायकलींसकट, आणि तिनं ते पेननं उतरवून घेतलं. कोणी अडवलं नाही. शेवटी तिनं पान उलटून, जिथं रकानाच नव्हता तिथं, प्रत्येक घरापुढं फ्रीजमध्ये काय होतं तेही लिहिलं. ते वर कोणी वाचेल का, कोण जाणे. यादी अजून लागलेली नाही.

ती गेल्यावर सरपंच म्हणाले, "पयला काकांचा फ्रीज घरी न्या." ट्रॅक्टर तर तुळजापुरात. सरपंचांनी, मी आणि आणखी दोघांनी तो हातांवर उचलला आणि मे महिन्याच्या उन्हात अक्षरशः पळत निघालो, बाटल्या गरम व्हायच्या आत पोचायचं म्हणून. काका वाटी छातीशी धरून मागून येत होते आणि आडवा करू नका, आडवा करू नका, म्हणत होते. घरी पिन सरपंचांनीच लावली. घुरघुर सुरू होईपर्यंत आम्ही चौघं घामानं निथळत तिथंच उभे राहिलो, मग काकांनी दार उघडून वाटी आत ठेवली.